पडद्यावर एएम-पीएमची शेपटी कशाला? ॲप आणि डिजिटल घड्याळं घडवणाऱ्यांना खुलं पत्र

ॲप, वेबसाइट, ऑनलाइन फॉर्म आणि डिजिटल घड्याळं घडवणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न.

मागणी आधी सांगतो, कारणं मागाहून. जिथे वेळ लिहिलेली असते आणि ती वाचून कुणाला तरी कुठे तरी पोहोचायचं असतं, अर्ज भरायचा असतो, औषधाची गोळी घ्यायची असते, तिथे ती चोवीस तासांच्या घड्याळात लिहा. निदान ज्यांनी आपल्या फोनमध्ये ते घड्याळ मुद्दाम निवडलंय, त्यांना तरी त्यातच दाखवा. आणि '१२ एएम' व '१२ पीएम' ही दोन रूपं कुठल्याच पडद्यावर ठेवू नका, मग वापरणाऱ्याने काहीही निवडलेलं असो.

बोलण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण चोवीस तासांचं नाव काढलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे आता बावीस वाजता झोपायचं का?" नाही हो, दहालाच झोपा. बोलताना बारा तासच बरे. सव्वासात, पावणेनऊ, दीड, अडीच हे सगळं बाराच्या आतच शोभतं. 'साडेसतराला भेटू' म्हणणाऱ्याकडे लोक वळून बघतील आणि त्यांनी बघावंच. शिवाय बोलताना आपण पहाटे, दुपारी, रात्री असं काही तरी जोडतो, किंवा ते न सांगता कळतं. 'पाचला येतो' म्हणून गेलेला माणूस पहाटे दार वाजवत नाही. लिहिलेल्या वेळेला हा आधार नसतो. ती फॉर्मच्या चौकटीत एकटी पडलेली असते आणि वाचणारा घाईत असतो.

तसं पाहिलं तर बोलण्यातलं घड्याळ सगळीकडे सारखं नाहीच. स्वाहिली बोलणारे तास सूर्योदयापासून मोजतात. घड्याळात सकाळचे सात वाजलेले दिसतात आणि ते म्हणतात एक वाजला. त्यांचं काही अडत नाही. थायलंडमध्ये दिवसाचे चार भाग करून सहा-सहा तास मोजायची बोली पद्धत आहे. ज्याने त्याने आपापल्या तोंडी हवं तसं मोजावं. माझं भांडण लिहिलेल्या वेळेपुरतं आहे, आणि त्यातही पडद्यावरच्या.

पडद्यावरच्याच का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

प्राचीन इजिप्तमध्ये दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा भाग करत. ते तास सारखे नव्हते. उन्हाळ्यात दिवसाचा तास लांबायचा, हिवाळ्यात आखडायचा, रात्रीच्या तासाचं बरोबर उलट. दिवस आणि रात्र हे तेव्हा दोन वेगळे हिशेबच होते, त्यामुळे बारा-बारा निराळे मोजण्यात अर्थ होता. चौदाव्या शतकात युरोपात यांत्रिक घड्याळं मनोऱ्यांवर चढली, तास एकसारखे झाले, आणि इटलीत तर कित्येक घड्याळं सरळ चोवीसपर्यंत मोजू लागली. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये पाओलो उच्चेल्लोने १४४३ साली रंगवलेली तबकडी आजही पाहायला मिळते. चोवीस आकडे, एकच काटा, तोही उलट्या दिशेने फिरणारा, आणि चोविसावा तास संपतो तो सूर्यास्ताला. चोवीस तास मोजणं ही लष्कराची किंवा संगणकवाल्यांची खोड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तबकडी बघावी.

मग बारा जिंकले कसे? एक कारण घंटेचं. जितके वाजले तितके टोले द्यायचे, तर चोवीसच्या मोजणीत दिवसभरात ३०० टोले पडतात. बाराच्या दोन फेऱ्यांत १५६. टोले कमी म्हणजे घड्याळ चालवणारी वजनं वर ओढून घेण्याचा खटाटोप कमी, आणि ऐकणाऱ्याचीही सोय. अर्धवट झोपेत बावीस टोले पडले की तेवीस, हे मोजून दाखवा बरं. रोममध्ये तर सहाच्या चार फेऱ्या करणारी घड्याळं होती. त्यांचं काम ८४ टोल्यांत भागायचं. क्विरिनाल राजवाड्यावरच्या घड्याळात अजून सहाच आकडे आहेत.

दुसरं कारण तबकडीचं. बारा आकडे घातले की दोन आकड्यांमध्ये ३० अंशांची ऐसपैस जागा राहते आणि मिनिटकाट्याची पाच-पाच मिनिटंही त्याच आकड्यांवर येतात. चोवीस घातले की अंतर १५ अंशांवर येतं, पाव तास झाला की मिनिटकाटा सहाच्या आकड्यावर जातो, आणि सगळी जुळणी बिघडते. ग्रीनिचच्या वेधशाळेच्या फाटकावर १८५२ पासून असं चोवीस तासांचं घड्याळ आहे. भर दुपारी त्याचा तासकाटा थेट खाली असतो. सवय नसलेला माणूस सहा वाजले असंच वाचणार. भिंतीवरच्या काट्यांच्या घड्याळात बाराच आकडे असावेत, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

आता तुमच्या पडद्याकडे बघा. तिथे ना घंटा, ना काटा, ना कोन. ज्या दोन घरांत ११ मावतो त्याच दोन घरांत २३ मावतो. उलट बारा तासांच्या घड्याळालाच मागे दोन अक्षरांची शेपटी लावावी लागते, म्हणजे जागा जास्तच लागते. टोल्यांची आणि काट्यांची अडचण होती म्हणून पूर्वीच्यांनी तडजोड केली. तुम्हाला अडचण नसताना तुम्ही ती तडजोड उचलून पडद्यावर आणून ठेवलीत.

आणि ती शेपटी नीट लागतही नाही. एएम म्हणजे मध्यान्हापूर्वी, पीएम म्हणजे मध्यान्हानंतर. मग खुद्द मध्यान्ह कशात? कशातच नाही. मध्यरात्र दोन्हींत बसते. ती मागच्या मध्यान्हानंतर बारा तासांनी येते आणि पुढच्या मध्यान्हापूर्वी बारा तास. आज रूढी अशी आहे की दुपारचे बारा पीएम आणि मध्यरात्रीचे बारा एएम. पण ती रूढी आहे, तर्क नव्हे, आणि रूढीही फार पक्की नाही. अमेरिकी सरकारच्या छपाई खात्याच्या शैलीपुस्तिकेत २००० सालच्या आवृत्तीपर्यंत नेमकं उलटं सांगितलेलं होतं: दुपारचे बारा एएम. २००८ च्या आवृत्तीत ते फिरवलं. जे खातं एका देशाची कागदपत्रं छापतं त्याला जिथे बाजू बदलावी लागली, तिथे एखादा माणूस रात्री घाईघाईत फॉर्म भरताना गोंधळला तर त्याला दोष देऊ नका. त्याच देशाची मानकं ठरवणारी संस्था, एनआयएसटी, सल्ला देते की बाराला एएम-पीएम लावूच नका. करारपत्रात किंवा विम्यात दिवसाची हद्द लिहायची झाली तर ११:५९ किंवा १२:०१ लिहा. ज्यांचं कामच वेळ मोजणं, ते लोक बाराला वळसा घालून जा म्हणतात. तुम्ही मात्र गजराच्या पडद्यावर बिनदिक्कत '१२:०० एएम' ठेवता.

खरा घोळ याच्याही खाली आहे. बारा तासांच्या घड्याळात फेरी नव्याने सुरू होणं आणि शेपटी बदलणं या दोन गोष्टी एका वेळी होत नाहीत. ११:५९ एएमनंतर येतं १२:०० पीएम. शेपटी बदलली, पण आकडा चढतोच आहे. मग १२:५९ पीएमनंतर १:०० पीएम. शेपटी तीच आणि आकडा धाडकन खाली. म्हणजे सगळ्यांत मोठा आकडा हाच फेरीतला पहिला तास. असं मोजमाप दुसऱ्या कुठल्या गोष्टीसाठी कुणी सुचवलं असतं तर त्याला बैठकीतून उठवलं असतं. जपानी लोक निदान हे तरी सुधारतात: दुपारी साडेबाराला तिथे 'दुपारचे ०:३०' असं लिहिण्याची पद्धत आहे, म्हणजे मोजणी शून्य ते अकरा. तुम्हाला हे माहीत आहे, कारण तुमच्याच प्रणालींत 'एच११' या नावाने ती सोय दिलेली आहे.

माझं काम पाळ्यांचा तक्ता लावण्याचं. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, दोन्ही आठला बदलतात. त्यासाठी आम्हाला एक ॲप दिलेलं आहे. कुणाचं, ते सांगण्यात हशील नाही, कारण अशी बरीच असतील. फोनवर त्याचा आठवड्याचा तक्ता उघडला की सात रकाने इतके अरुंद होतात की वेळ पुरती मावत नाही आणि शेवटी तीन टिंबं येतात. कापली जाते ती नेमकी शेपटी. मग दिवसपाळीच्या चौकोनात दिसतं '८:०० – ८:००…' आणि रात्रपाळीच्या चौकोनातही '८:०० – ८:००…'. दोन्ही हुबेहूब सारखे. एक नवा सहकारी रात्रपाळी असताना सकाळी आठला येऊन उभा राहिला. त्याला परत पाठवलं, तो रात्री पुन्हा आला, मधल्या वेळात झोप झाली नव्हती ती नव्हतीच. आता आम्ही चौकोनांना रंग देतो: पिवळा दिवसाचा, निळा रात्रीचा. '०८–२०' आणि '२०–०८' एवढं लिहिलं असतं तर रंग लागले नसते, आणि त्या अरुंद रकान्यात ते मावलंही असतं.

स्वस्तातल्या डिजिटल घड्याळांची तऱ्हा याहून वाईट. त्यांत पीएम म्हणजे आकड्यांच्या डाव्या कोपऱ्यात मोहरीएवढा ठिपका. तो आहे की नाही हे चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही. गजर लावताना सहाचा आकडा नजरेस आणायला बटण दाबत राहायचं, तो आला की हुश्श करून सोडायचं, आणि ठिपका लागलेला असला तर घड्याळ सकाळी गप्प बसतं आणि संध्याकाळी सहाला इमानेइतबारे वाजतं. त्याची काही चूक नसते.

आता तुमच्या घरातली गोष्ट. वेबपानावर वेळ भरायची जी तयार चौकट असते, तिच्यात बाहेरून एएम-पीएम दिसलं तरी आत किंमत साठते ती चोवीस तासांतच, पुढे शून्य लावून; ठरलेलंच तसं आहे. म्हणजे तुम्ही स्वतःसाठी चोवीस ठेवता आणि आमच्यासाठी तिचं बारात रूपांतर करता. त्या रूपांतरात घात कुठे होतो हे तुमच्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी पाहिलं असेल. प्रोग्राममध्ये मोठ्या लिपीतला एचएच म्हणजे चोवीस तास आणि लहान लिपीतला म्हणजे बारा; मोठा लिहायचा तिथे लहान पडतो. दुपारचे १४:४० पावतीवर ०२:४० म्हणून उमटतात, आणि शेपटी मागितलेलीच नसल्यामुळे तीही येत नाही. सकाळी चाचणी करणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. दिवसा हा दोष दुपारी एकनंतरच बाहेर येतो. तोवर ते ॲप लोकांच्या हातात गेलेलं असतं. यादी वेळेप्रमाणे लावायची म्हटली तरी तेच. '०९:००' आणि '१३:००' नुसत्या अक्षरांच्या क्रमाने लावले तरी बरोबर लागतात. '१:०० पीएम' मात्र '९:०० एएम'च्या डोक्यावर जाऊन बसतं.

फोनच्या सेटिंगबद्दलही बोलायला हवं. अँड्रॉइड असो की आयफोन, चोवीस तासांचं बटण असतं. मी ते लावलेलं आहे. वरच्या पट्टीत १९:१० दिसतं आणि खाली तुमच्या ॲपमध्ये त्याच वेळी ७:१० पीएम. एका फोनवर एका वेळी दोन घड्याळं! अँड्रॉइडमध्ये वापरणाऱ्याची निवड विचारून घेणं एका ओळीचं काम आहे. वेबसाइटींची अडचण मला समजते. ब्राउझर त्यांना सहसा फक्त भाषा आणि प्रदेश सांगतो, बटणाची खबर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पण मग अमेरिकी इंग्रजी निवडलेल्या प्रत्येकाला बारा तासच हवेत, हा निष्कर्ष कशाच्या जोरावर? लोक ब्राउझर बसवताना पहिली दिसेल ती भाषा ठेवतात आणि पुढे जातात. त्यातून त्यांनी घड्याळाबद्दल काही मत दिलेलं नसतं. एक पर्याय ठेवा ना खात्याच्या सेटिंगमध्ये. फिकट-गडद रंगाचा पर्याय देता, तसा हाही द्या.

लोकांना सवय नाही, वजाबाकी करावी लागते, हा आक्षेप मी ऐकलेला आहे आणि तो खोटा नाही. पहिले काही दिवस १७ बघून मनात बारा वजा करावे लागतात. नंतर करावे लागत नाहीत. १९ दिसलं की दिवेलागणच दिसते. पण हे फर्मान काढून होत नाही, हेही खरं. बीबीसीने १९३४ साली रेडिओवर चोवीस तासांची वेळ सांगायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत ते बंद केलं. मला त्यात नवल वाटत नाही, कारण रेडिओ म्हणजे पुन्हा बोलणंच. त्याच देशातल्या रेल्वेने १९६४ साली वेळापत्रकं चोवीस तासांत छापायला घेतली, आणि ती मात्र टिकली. छापलेली वेळ लोक रोज वाचतात, गाडी पकडतात, डोळ्यांना सवय होते.

रेल्वेचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो. सँडफर्ड फ्लेमिंग नावाचा कॅनडातला रेल्वे अभियंता १८७६ साली आयर्लंडमध्ये गाडीची वाट बघत थांबला होता. वेळापत्रकात एएमच्या जागी पीएम छापलेलं, त्यामुळे गाडी चुकली आणि रात्र फुकट गेली, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. दुसरा कुणी स्टेशनमास्तरशी भांडला असता. याने चोवीस तासांच्या वेळेचा आणि जगभरच्या प्रमाणवेळेचा पाठपुरावा सुरू केला. १८८४ साली वॉशिंग्टनमध्ये शून्य रेखावृत्त ठरवणारी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिने ठराव केला की जागतिक दिवस मध्यरात्री सुरू व्हावा आणि तास शून्यापासून चोवीसपर्यंत मोजले जावेत. तेव्हा मी काही नवीन मागत नाही. जे त्या परिषदेत ठरलं तेच मागतोय.

चोवीस तासांच्या घड्याळातही एक काटा रुततो, तो लपवत नाही. शनिवार ००:२० म्हणजे शुक्रवारी जेवून झोपण्याऐवजी निघायचं. पण कित्येक जण तिकिटावर 'शनिवार' वाचतात आणि शनिवारी रात्री हजर होतात, एक दिवस उशिरा. आपल्या मनातली रात्र बाराला तुटत नाही, ती झोपेपर्यंत चालते. जपानमध्ये दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकांत यावर झकास युक्ती आहे: शुक्रवारी मध्यरात्रीनंतरच्या कार्यक्रमाला शुक्रवार २५:०० लिहितात. मला ती पद्धत आवडते, पण तिकिटावर कुणी छापू नये. तिकिटावर तारखेशेजारी 'शुक्रवार आणि शनिवार यांच्या मधली रात्र' एवढी एक ओळ टाका. मध्यरात्र ते पहाटे चार या वेळातल्या प्रत्येक आरक्षणावर ती ओळ आपोआप उमटवणं तुमच्यासाठी अवघड नाही. २४:०० आणि ००:०० चा वाद तर मानकं ठरवणाऱ्यांतही झाला. तारीख-वेळ कशी लिहावी हे सांगणाऱ्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीतून २४:०० काढून टाकलं, आणि २०२२ च्या दुरुस्तीने परत आणलं. बरं झालं आणलं. सोमवार २० ते २४ असं लिहिता येतं, आणि पाळी त्या दिवशीच संपते हे स्पष्ट राहतं.

कुणाला बारा तासच दाखवायचे असतील, तर निदान मराठी पडद्यावर एएम-पीएमऐवजी 'पहाटे ४', 'दुपारी १२:३०', 'रात्री ८' असं लिहा. संगणकावरच्या लिपींचं मानक सांभाळणाऱ्या युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसाठ्यात भाषेगणिक दिवसाच्या भागांची नावं नोंदलेली आहेत, मराठीचीही आहेत. तुमच्या साधनांत ती आधीच येऊन पडलेली असतात. रूप थोडं लांब होईल, पण 'दुपारी १२' वाचून आजवर कुणी मध्यरात्री उठलेला नाही.

आणि शेवटच्या तारखा. 'अर्ज ३० तारखेला १२ एएमपर्यंत स्वीकारले जातील' हे वाक्य कुठल्याही फॉर्मवर दिसलं तर ते लिहिणाऱ्याला त्याच फॉर्ममधून काही तरी भरायला लावा, तेही २९ तारखेच्या रात्री. ३० तारीख धरायची की नाही हे त्यालाही सांगता येणार नाही. '३० तारीख, २३:५९' लिहा. त्यात अर्जदाराचं एक मिनिट जातं, ते आम्ही सोडून देऊ.

आपला,
पाळ्यांचा तक्ता लावणारा एक वापरकर्ता